न संपणारी बाटली

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मी आयुष्यात पहिल्यांदा बाटलीतून ओतून घ्यायच्या साबणाने अंघोळ केली. हौस म्हणून नव्हे, नोकरी म्हणून.

शुक्रवारी संपादकबाईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, या खेपेला अंगाला लावायचंय." गेल्या महिन्यात मी बूटपॉलिश तपासलं होतं, त्याला उद्देशून असावं. वीस वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्यावर मला 'वापरून पाहिलं' हे सदर मिळालं. महिन्याला एक वस्तू, एकवीस दिवस, एकच परीक्षक, शेवटी निकाल. कोर्टात निकाल दुसरे देत आणि मी तो लिहून घेई. आता दोन्ही माझ्याकडेच, म्हणजे बढतीच म्हणायची.

बाटली अर्ध्या लिटरची, पारदर्शक. साबण नैसर्गिक: खोबरेल, क्षार, पाणी आणि संत्र्याच्या सालीचं तेल. मागे बारीक अक्षरात लिहिलंय की नारळवाल्यांना हंगामाआधीच ठरलेला रास्त भाव मिळतो आणि साबण करणाऱ्या सतरा बायकांना तासाचा मोबदला सारखाच, मग ती अध्यक्ष असो वा बाटल्या विसळणारी. वाचून माझा ऊर भरून आला. मग साबण तळहातावर घेतला. तो पाण्याइतका पातळ. बोटांच्या फटींतून निम्मा निसटला आणि डाव्या पावलावर पडला. डावं पाऊल अतिशय स्वच्छ झालं.

पद्धत ठरवली. बाटलीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा उभा पट्टा. रोज अंघोळीनंतर साबणाच्या पातळीपाशी बॉलपेनने एक आडवी रेघ. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी मला प्रत्यक्ष, अनुमान वगैरे ज्ञानाची प्रमाणं घोटून शिकवली. त्यांचा कोर्टात काडीचा उपयोग झाला नाही, बाथरूममध्ये होईलसं दिसतंय.

मंगळवार, ५ मार्च

साबणाच्या कारखान्यात जाऊन आलो. कारखाना म्हणजे एका बंद पडलेल्या बेकरीची जागा. जिथे पाव भाजायचे त्या कोपऱ्यात मोठ्या पातेल्यात तेल आणि क्षार रटरटत होते. त्याचा मधाच्या रंगाचा गोळा होतो, तो स्वच्छ पाण्यात विरघळवून पिंपांत दोन आठवडे निवत ठेवतात.

अध्यक्षबाई म्हणजे कोपरापर्यंत हातमोजे घातलेली, एका वेळी तिघींशी बोलणारी बाई. मला म्हणाल्या, "पातळ आहे म्हणून नाक मुरडू नका. घट्ट दिसावा म्हणून लोक काहीबाही घालतात. आम्ही नाही घालत."

"मी नाक मुरडत नाही. मी नोंद करतो."

"तेच ते." मग हातमोजे काढून त्या समोर बसल्या. "हे बघा, आडपडदा ठेवत नाही. अकरा वसतिगृहं चालवणारी एक संस्था आहे. त्यांच्या व्यवस्थापिका तुमचं सदर वाचतात. त्या म्हणाल्या, शास्त्री काय लिहितात ते बघू आणि पहिल्या तारखेला कळवू. ते काम मिळालं तर ठीक. नाहीतर यांतल्या आठ-नऊ जणींना मेपासून घरी बसावं लागेल."

मी म्हटलं, माझ्यावर दबाव येता कामा नये.

"दबाव कुठे आणतेय? सांगतेय फक्त."

सतराही जणी हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी कोर्टात कमावलेला निर्विकार चेहरा केला. तो नीट जमला नसावा, कारण बाटल्या विसळणारीने विचारलं, "यांना पाणी देऊ का?"

शुक्रवार, ८ मार्च

पाच दिवस, पाच रेघा, एकाखाली एक. काय सांगू. अंग हलकं वाटतं. कोपरं, जी आजवर गेंड्याची होती, ती माणसाची झाली. काल बसमध्ये एका अनोळखी माणसाने माझ्याकडे बघून दीर्घ श्वास घेतला. तो उसासाही असेल, पण मी श्वास म्हणून नोंदवला आहे.

सकाळी बाथरूममधून गाणं म्हणत बाहेर आलो तर ही म्हणाली, "मानेमागेसुद्धा धुतलंत आज? लग्नानंतर पहिल्यांदाच."

"परीक्षा सर्वांगीण असावी लागते."

"बरं. सर्वांगीण परीक्षकांनी बाथरूममध्ये सांडलेलं पुसून घ्यावं."

आप्पा खोलीच्या दारात उभे राहून ऐकत होते. एकोणऐंशी वर्षांचे, संस्कृतचे निवृत्त शिक्षक, न्यायशास्त्रात मुरलेले; कोर्टातल्या नव्हे, जुन्या तर्कशास्त्रातल्या न्यायात. आई गेल्याला दीड वर्ष झालं, तेव्हापासून ते दाराबाहेर पडलेले नाहीत. अंघोळ तिसऱ्या दिवशी, तीही हिने चार वेळा हाक मारल्यावर. दाढी आठवड्याने. मला म्हणाले, "कसला वास येतोय रे?"

"संत्रं. घ्या, बघा." मी हात पुढे केला. त्यांनी हुंगला, "हं" म्हणाले आणि आत गेले. दीड वर्षांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. वासाबद्दल असला तरी प्रश्न तो प्रश्नच.

सोमवार, ११ मार्च

दोन आनंदाच्या गोष्टी.

पहिली: आज अंघोळीनंतर रेघ मारायला गेलो तर पातळी शुक्रवारच्याच रेघेवर. शनिवार, रविवार मी पूर्ववत साबण वापरलाय, तरी बाटली खाली जायला तयार नाही. सराव झाल्यामुळे आता मला थेंबभरच पुरत असावा. असा काटकसरी साबण मी पाहिला नाही. 'पुरवठ्याला येणारा' असा शब्दप्रयोग वहीत टिपून ठेवला.

दुसरी: आप्पा बाहेर पडले. साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "वाचनालयात जाऊन येतो," म्हणाले. मी दीड वर्ष त्यांना हवापालटाचं महत्त्व सांगतोय. माणसाला उशिरा का होईना पटतं. दाढीसुद्धा केली होती.

त्यांच्या खोलीत संत्र्याचा वास येत होता. मी हिला म्हटलं, "माझ्या अंगाचा दरवळ बघ कुठवर जातो."

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हो. तुमचाच."

गुरुवार, १४ मार्च

पातळी वर गेली.

तीनदा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. काल मारलेल्या रेघेच्या वर बोटभर साबण उभा आहे. मी या घरात चौदा वर्षं राहतोय, कुठलीही गोष्ट आपोआप वाढलेली पाहिली नाही.

अनुमान: उन्हं वाढली आहेत आणि द्रव उष्णतेने प्रसरण पावतात. नैसर्गिक द्रव तर मोकळेपणाने पावत असतील. तरी खात्री करावी म्हणून आप्पांकडे गेलो. ते आरशासमोर केस विंचरत होते. केस ओले होते, घाम फार येतोय हल्ली.

"आप्पा, एखादी वस्तू वापरूनही वाढते, याचं कारण काय असावं?"

आप्पांनी कंगवा खाली ठेवला. "कारण दिसत नाही म्हणजे कारण नाही, असं नव्हे."

"म्हणजे आहे?"

"तू प्रश्न नीट विचारत नाहीस. लहानपणीही विचारत नसस." आणि छत्री घेऊन वाचनालयात गेले. हा या आठवड्यातला चौथा दिवस. जुन्या मासिकांचे गठ्ठे चाळतात म्हणे. ज्ञानाची ओढ या वयात टिकणं ही मोठी गोष्ट आहे.

रविवार, १७ मार्च

फेस कमी झाला.

पहिल्या आठवड्यात एका पळीत अंगभर व्हायचा. आता तीन पळ्यांत छातीपर्यंत येतो आणि तिथे विचार करत थांबतो. वाससुद्धा ओळख विसरलेल्या नातेवाइकासारखा दुरून येतो. माझी कोपरं पुन्हा गेंड्याच्या दिशेने निघालीत. मन मानत नाही, पण वहीत लिहिलं: 'गुण उतरणीला?' प्रश्नचिन्हासह.

आप्पांनी आज हिच्याकडे गुलाबी रंगाचा रुमाल मागितला. ही म्हणाली, "पांढरा का नको?" ते म्हणाले, "पांढरा नेहमीचाच आहे." हिने गुलाबी दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून बराच वेळ उभी राहिली. हिला सर्दी झाली असावी.

बुधवार, २० मार्च

बाटली दुधाळ झाली.

पारदर्शक साबणात आज सकाळी ढगाळ पांढुरकेपणा उतरलाय. बाटली हलवली तर तळाशी गढूळ भोवरा. फेस जवळजवळ नाही. आता प्रश्नचिन्ह काढून टाकावं लागेल. साबण नासला. टिकवण्यासाठी काही घालत नाही असं त्यांनीच छातीठोकपणे सांगितलं होतं. नैसर्गिक वस्तू नैसर्गिकपणे मेली.

निकालाचं पहिलं वाक्य लिहून पाहिलं: 'पहिल्या आठवड्यात मोहात पाडणारा हा साबण तिसऱ्या आठवड्यात नासतो.' वाक्य चांगलं आहे. लिहून झाल्यावर मी वही मिटली आणि पुन्हा उघडली. बेकरीतल्या त्या सतराजणी काम थांबवून बघत होत्या, ते आठवत राहिलं.

हिला वाचून दाखवलं.

"हे छापणार?"

"जे दिसलं ते छापणार. कीव करून लिहायला लागलो तर सदराला अर्थ काय?"

"कीव कुठे करा म्हणतेय? जे दिसलं तेवढंच आहे का, एवढं बघा."

"तीन आठवडे रोज बघतोय मी."

"तेच तर म्हणतेय," ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली. कधीकधी ही फार गूढ बोलते.

शनिवार, २३ मार्च

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

कोर्टाचा एक नियम मी सदरात पाळतो. निकाल विरोधात जाणार असेल तर समोरच्याला आधी कळवायचं. सकाळी अध्यक्षबाईंना फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे पातेल्याचा रटरट आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "आमचा साबण नासत नाही."

"पांढरा झालाय हो."

"कुठे राहता तुम्ही? पत्ता सांगा."

अर्ध्या तासात त्या दारात. हातमोजे नव्हते, हातात एक नवी बाटली आणि काचेचा पेला. जेवणाच्या टेबलावर बसल्या, माझी बाटली उजेडात धरली, चिकटपट्टीवरच्या रेघा एकेक पाहिल्या. "ही रेघ त्या रेघेच्या वर कशी?"

"प्रसरण."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नव्या बाटलीतला साबण पेल्यात ओतला, मधासारखा स्वच्छ. हिला म्हणाल्या, "वहिनी, नळाचं पाणी द्या जरा." पेल्यात नळाचं पाणी ओतलं. मधाचं दूध झालं, माझ्या बाटलीत होतं अगदी तसं.

"तुमच्याकडचं पाणी जड आहे, चुनखडीचं. आम्ही ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ धरून केलेलं पाणी वापरतो ते याचसाठी. यात निम्मं तरी पाणी आहे." त्यांनी पेला माझ्या बाटलीशेजारी धरला. "साहेब, तुमच्या घरात कुणीतरी बाटलीत पाणी घालतंय, आणि त्यापायी माझ्या नऊ जणी घरी बसणार आहेत."

मी म्हटलं, "अशक्य. या घरात परीक्षेच्या वस्तूला कुणी हात लावत नाही."

तेवढ्यात आप्पांच्या खोलीचं दार उघडलं. आप्पा बाहेर आले, अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशात गुलाबी रुमाल, आणि त्यांच्याबरोबर संत्र्याचा एक आख्खा बगीचा. माझ्या अंगाला त्या क्षणी कसलाही वास येत नव्हता. हे मला त्या क्षणीच कळलं, आणि चौपन्न वर्षांच्या माणसाला कळायला हा थोडा उशीर आहे.

"मी," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी वर्गात शिकवावं तसं सांगितलं. नऊ तारखेपासून रोज, माझी अंघोळ झाल्यावर, ते तो साबण वापरत होते. कधी दोनदा. "पण तुझ्या रेघा पाहिल्या. तू मेहनतीने मारल्या होत्यास. मापन बिघडू नये म्हणून जेवढा घेतला तेवढं पाणी घालून पातळी रेघेला आणून ठेवत होतो."

"कुठल्या रेघेला, आप्पा?"

"बाथरूममध्ये चष्मा नसतो. जी दिसेल तिला."

ही म्हणाली, "ते वापरतात हे मला माहीत होतं. पाणी घालतात हे नव्हतं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दीड वर्ष मी त्यांच्या मागे लागले होते, आप्पा, पाणी तापलंय, आप्पा, चला. तो माणूस आपल्या पायांनी बाथरूममध्ये गेला, आणि मी बाटली मोजत बसू?"

यावर न्यायशास्त्रात उत्तर नाही. मी शोधलं.

अध्यक्षबाईंनी पेला खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या आप्पांकडेच बघत होत्या. "काका, एकोणऐंशीव्या वर्षी दिवसातून दोनदा? कशासाठी?"

आप्पांचे कान लाल झाले. मी ते याआधी कधी पाहिले नव्हते. लाल कान, म्हणजे.

वाचनालयात त्यांच्या समोरच्या खुर्चीवर एक बाई बसतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आप्पा पहिल्यांदा गेले ते नुसतेच, घरात स्वच्छ होऊन करायचं काय म्हणून. दुसऱ्यांदा गेले ते नुसते नव्हे.

आता पेच असा. नवी परीक्षा करायला एकवीस दिवस नाहीत. वसतिगृहवाल्या पहिल्या तारखेला ठरवणार. सदर सोमवारी संध्याकाळी सहाला छपाईला जातं. म्हणजे मला खरंच लिहावं लागेल, आणि खरं लिहायचं तर आप्पांना लिहावं लागेल. नाव नाही छापलं तरी ज्याला कळायचं त्याला कळेल.

आप्पा म्हणाले, "लिही. माझ्यामुळे त्यांचं काम जायला नको. पण मी सांगेन तेव्हा पाठव. आधी मला एका व्यक्तीला स्वतः सांगायचंय. तिला पेपरातून कळणं बरं नव्हे."

अध्यक्षबाई जाताना दारात मला म्हणाल्या, "साहेब, सहा म्हणजे सहा ना?" मग हळूच, "काकांना म्हणावं, शुभेच्छा."

सोमवार, २५ मार्च

आप्पा चारला वाचनालयात गेले. मी कचेरीत. लेख तयार:

'या खेपेला परीक्षक नापास झाला आहे. परीक्षेच्या बाटलीत घरातल्याच एका ज्येष्ठाने, अत्यंत सद्हेतूने, निम्म्यावर पाणी मिसळलं, आणि तर्कशास्त्र शिकलेल्या परीक्षकाने त्याला प्रसरण म्हटलं. साबण नासत नाही. त्यात नळाचं जड पाणी घालू नये, एवढंच. निम्मं पाणी मिसळूनही आठवडाभर मला तक्रार सुचली नाही. अमिश्रित साबण पहिल्या आठवड्यात उत्तम. आणखी एक पुरावा: दीड वर्ष अंघोळीला नाही म्हणणारा माणूस या साबणाने दिवसातून दोनदा करू लागला. त्याहून मोठी शिफारस माझ्याकडे नाही.'

पाच वाजले. सव्वापाच. संपादकबाई दोनदा येऊन गेल्या. "शास्त्रीबुवा, कुणाची वाट बघताय?"

"वडिलांच्या प्रेमप्रकरणाची."

त्या हसल्या आणि गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या तेव्हा हसत नव्हत्या. "सहाला दहा कमी आहेत. खरं कारण सांगा."

सहाला सात कमी असताना फोन वाजला. वाचनालयाचा नंबर. आधी एक स्वच्छ, सरावाचा बाईचा आवाज: "बोला, जोडून देते." आणि मग आप्पा.

"छाप," ते म्हणाले.

मी संपादकबाईंकडे कागद सरकवला. त्या धावल्या. मी फोन धरून राहिलो.

"आप्पा, काय म्हणाल्या?"

"अरे, त्यांना वासच येत नाही. दहा वर्षांपूर्वी एका आजारात गेला तो. संत्रं असो की रॉकेल."

मी टेबलावर डोकं टेकलं. हसू इतकं आलं की शेजारच्या क्रीडा प्रतिनिधीने पाण्याचा ग्लास पुढे केला. "म्हणजे दोन आठवडे तुम्ही ते सगळं..."

"व्यर्थ म्हणतोस?" आप्पांचा आवाज मी कॉलेजात असताना होता तसा झाला होता, खणखणीत. "घडा होतो त्याला कुंभार कारण, चाक कारण, माती कारण. माती वाहून आणणारं गाढव कारण नव्हे. शास्त्राने त्याला बाजूला काढलंय. पण मी आयुष्यभर शिकवताना त्या गाढवावर अन्याय केला. ते नसतं तर कुंभार घरी बसून राहिला असता."

"तर इथे गाढव कोण? साबण की मी?"

"आता प्रश्न नीट विचारलास," आप्पा म्हणाले, आणि मागून बाईंचं हसू ऐकू आलं.

मंगळवार, २ एप्रिल

सकाळी अध्यक्षबाईंचा फोन. मी उभा राहूनच घेतला.

"वसतिगृहाचं काम मिळालं."

मी खुर्चीत बसलो.

"पण निम्मंच. व्यवस्थापिका म्हणाल्या, शास्त्रींनी लिहिलंय निम्मं पाणी मिसळून आठवडाभर चालला, मग आम्ही निम्म्याच बाटल्या घेऊ आणि ऊर्ध्वपातित पाणी घालू."

असल्या निकालाविरुद्ध अपील कुठे करतात?

"अहो, घाबरू नका. पूर्ण मिळालं असतं तर सतराजणींना रविवारीही यावं लागलं असतं. निम्म्यात सगळ्या राहतात आणि रविवारी सुट्टी. मी त्यांना काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका." मग म्हणाल्या, "आणखी एक. काल दुपारी तुमचे वडील आले होते इथे."

"आप्पा? बेकरीत?"

तुम्हाला माहीत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. मला कशाला कोण काय सांगतंय.

आप्पा क्षमा मागायला गेले होते, म्हणे. एकटे नव्हे, टेलिफोनवाल्या बाई बरोबर होत्या. सतराजणी हात पुसून ओळीने उभ्या राहिल्या. आप्पांनी सुरुवात केली ती कर्ता आणि कर्म यांच्या संबंधापासून. मग उद्देश शुद्ध असूनही फळ दूषित कसं होतं. मग बुद्धिपुरस्सर आणि अनवधानाने यांतला भेद, उदाहरणांसह. बारा मिनिटं. पातेलं दोनदा उतू जायला आलं, पण कुणी हललं नाही, कारण म्हातारा माणूस हात जोडून उभा होता. कळत मात्र कुणालाच काही नव्हतं.

"मग?"

"मग त्या बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि आम्हाला म्हणाल्या, 'हे म्हणताहेत, पाणी यांनी घातलं, आणि यांना वाईट वाटतंय.' काका म्हणाले, 'अगदी हेच.' "

मी फोन ठेवला. चौपन्न वर्षं मी आप्पांचं बोलणं ऐकतोय, आईने त्रेपन्न वर्षं ऐकलं. आप्पा कुणाला 'अगदी हेच' म्हणाल्याची नोंद माझ्याकडे नाही.